पाच महिन्यांची जखम आणि सूनबाईचे हात

डॉक्टर काकू, सा. न.

आम्ही इंदुरात रामबागेत राहतो. माझे सासरे, आबा, ६९ वर्षांचे आहेत. सतरा-अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. नातवासाठी बोललेला नवस फेडायला ते मे महिन्यात अनवाणी चालत खजराण्याच्या गणपतीला गेले. परत आले तेव्हा उजव्या अंगठ्याखाली, चवड्यावर, मोठा फोड होता. तो फुटला आणि तेव्हापासून जखम उघडीच आहे. पाच महिने झाले. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. दर वेळी आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा लस सुटते, वास येतो. पहिल्या स्वॅबमध्ये (जखमेवर कापसाची काडी फिरवून केलेल्या तपासणीत) स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आला, दुसऱ्यात स्यूडोमोनास. हे म्हणतात, आता सगळ्यात स्ट्राँग इंजेक्शनं सुरू करू. आत्याबाई म्हणतात, हळद-तूप भरा. आबा म्हणतात, दुखत नाही ना, मग कशाला एवढा गाजावाजा. ड्रेसिंग रोज मीच करते, साबणानं हात धुऊनच बसते. पण परवा नणंदबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुझ्या हातानंच जंतू जात असतील." तेव्हापासून पट्टी सोडताना माझा हात थरथरतो. खरंच माझ्यामुळे होतंय का?

– एक सून, रामबाग

प्रिय सूनबाई,

आधी तुझ्या हातांबद्दल, बाकी सगळं मागून. ही जखम तुझ्या हातांमुळे अडलेली नाही.

उघड्या जखमेत जंतू असतातच. ते बहुतेक आबांच्याच अंगावरचे असतात: पायाच्या कातडीवरचे, बोटांच्या बेचक्यांतले, आतड्यांतले. तुझ्या रिपोर्टातला स्टॅफिलोकोकस ऑरियस तर साधारण दर तिघांतल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ऑपरेशनचे हातमोजे घालून कुणी रोज ही पट्टी बदलली असती, तरी स्वॅबमध्ये जंतू निघालेच असते. पाच महिने रोज साबणानं हात धुऊन सासऱ्यांच्या पायाशी बसणारी सून आहे, म्हणून तो पाय आजवर टिकला आहे. हे वाक्य नणंदबाईंना माझ्या नावानं वाचून दाखव.

तेव्हा जखमेत जंतू आहेत की नाहीत हा प्रश्न सोडून दे. ते तिथे काय करताहेत, हे बघायचं. नुसते पडून आहेत, ठाण मांडून बसलेत, की आजूबाजूच्या मांसात शिरताहेत? तिन्हींचा इलाज वेगळा आहे. तुमच्या घरातला गोंधळ इथेच झालाय. दुसऱ्या अवस्थेतल्या जखमेला तुम्ही तिसऱ्या अवस्थेचं औषध पुन्हा पुन्हा देत आला आहात.

ताजी जखम कशी भरते ते आठव. विळीवर बोट कापलं की रक्त गोठतं, मग दोन-तीन दिवस जरा सूज, लाली, ठणका. त्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येतात, जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात आणि काम संपलं की निघून जातात. त्या गेल्या की नव्या बारीक रक्तवाहिन्या आणि नवे तंतू विणले जातात, लालबुंद दाणेदार मांस वर येतं, कडेनं कातडी सरकत येते. आबांच्या जखमेत ही साफसफाईची पायरी संपतच नाहीये. जंतू हटत नाहीत, म्हणून पांढऱ्या पेशी येतच राहतात आणि मांस विरघळवणारी एन्झाइम ओततच राहतात. ती एन्झाइम मग जुनं-नवं बघत नाहीत. आज विणलेले तंतू उद्या तीच खाऊन टाकतात. शरीर नवं मांस वाढवायला जे रासायनिक निरोप धाडतं, तेही त्यात मोडून जातात. घरात एकीकडे गवंडी भिंत चढवतोय आणि दुसरीकडे पाडकामवाल्यांना कुणी थांबायला सांगितलेलंच नाही, अशी गत. शिवाय हे जंतू जखमेतला प्राणवायू खातात आणि काही जण विषंही सोडतात.

आता मुख्य गोष्ट. जंतू हटत का नाहीत?

मोरीच्या जाळीला बोट लावून बघ. आठ दिवस घासली नाही तर एक बुळबुळीत थर हाताला लागतो. वरून बादलीभर पाणी ओत, फिनाइल ओत, वास तेवढा जातो आणि थर राहतो. काथ्यानं घासला तरच निघतो, आणि चार दिवसांत पुन्हा धरतो. हा थर म्हणजे जंतूंची वस्ती. दातांवर सकाळी जिभेला लागतं ते किटणही तेच. लेव्हेनहूक नावाच्या डच माणसानं १६८३ मध्ये आपल्याच दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहून थक्क होऊन पत्र लिहिलं. आज या थराला बायोफिल्म म्हणतात. जंतू आधी एकेकटे येऊन चिकटतात, मग अंगाभोवती चिकट गर तयार करतात आणि त्यात दडून राहतात.

त्यांचं आपसात बोलणंही चालतं. प्रत्येक जंतू बारीकसं रसायन सोडत असतो. संख्या थोडी असेपर्यंत ते विरून जातं; गर्दी वाढली की त्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे जातं आणि सगळे मिळून वागणं बदलतात, विष काढू लागतात, गर दाट करतात. आपल्या मंडळाच्या सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव मांडता येत नाही, तसंच हे. स्यूडोमोनास यात फार तरबेज. पट्टीवर कधी हिरवट-निळसर डाग आणि गोडूस उग्र वास आला असेल, तर तो त्याचाच.

२००८ मध्ये संशोधकांनी ५० जुनाट जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ३० जखमांत हा थर सापडला. ताज्या १६ जखमांत मात्र एकीतच. म्हणजे आबांची जखम काही जगावेगळी नाही.

आता तुझ्या दोन रिपोर्टांकडे ये. पहिल्यात एक जंतू आणि दुसऱ्यात दुसरा, म्हणून घरात घबराट झाली की "नवा जंतू शिरला". बहुधा नवा कुणी शिरला नाही. जुनाट जखमेत अनेक जाती एकत्र नांदतात. स्टॅफिलोकोकस पृष्ठभागाजवळ जास्त दिसतो, स्यूडोमोनास खोल बसतो. कापसाची काडी वरवर फिरवली की जो हाताला लागेल तो रिपोर्टात येतो. हवेत मरणारे जंतू तर साध्या तपासणीत उगवतच नाहीत. आणखी एक गोष्ट फारशी कुणी समजावून सांगत नाही. लॅबमध्ये औषधाची परीक्षा होते ती सुट्या, मोकळ्या जंतूंवर. रिपोर्टात औषधापुढे "सेन्सिटिव्ह" लिहिलेलं असतं ते त्या मोकळ्या जंतूसाठी खरं आहे. तोच जंतू थराच्या आत बसला की त्याला मारायला शेकडो पट, कधी हजार पट औषध लागतं, आणि तेवढं औषध माणसाच्या रक्तात देताच येत नाही. शिवाय थराच्या तळाचे जंतू जवळजवळ झोपेत असतात, आणि बरीचशी अँटिबायोटिक वाढत्या जंतूंवरच नीट चालतात. म्हणून आबांना आठ दिवस बरं वाटतं: वरचे मोकळे जंतू मरतात, लस कमी होते, वास जातो. मग तळातून वस्ती पुन्हा उठते. तुझ्या यजमानांचा "सगळ्यात स्ट्राँग" चा मार्ग इथेच चुकतो. ती इंजेक्शनं शेवटच्या फळीतली आहेत. आज थरावर वाया घालवली आणि उद्या खरोखर पाय लाल होऊन ताप चढला, तर हातात काही उरणार नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. १९९० च्या दशकात मी नवी सर्जन होते. परदेशीपुऱ्याकडचे एक गिरणी कामगार यायचे, गिरणी बंद पडलेली, पायात अशीच जखम, अशाच जागी. मी दर वेळी रिपोर्ट बघितला आणि औषध बदललं. चार महिने. ते प्रत्येक खेपेला माझ्यावर विश्वास ठेवून नवी चिठ्ठी घेऊन जायचे. शेवटी माझ्या वरिष्ठांनी एक निर्जंतुक धातूची सळई जखमेच्या तळाशी हळूच टेकवली आणि मला म्हणाले, "धर." बोटांना कडक लागलं, दगडाला टेकावं तसं. ते हाड होतं. जंतू हाडात उतरले होते आणि मी वरवरच्या स्वॅबवर औषधं लिहीत बसले होते. त्यांचा अंगठा काढावा लागला. त्या दिवसानंतर मी जुनाट जखम सळई टेकवल्याशिवाय कधी बघितली नाही.

म्हणून पहिली गोष्ट: या आठवड्यातच आबांना पायाच्या जखमा बघणाऱ्या सर्जनकडे ने आणि तिथे काही गोष्टी आवर्जून विचार. सळई हाडाला टेकते का? पायाचा एक्स-रे काढला का? पाच महिन्यांच्या जखमेत हे व्हायलाच हवं. हाडात जंतू असतील तर औषधाचा हिशेबच बदलतो. दोन आठवड्यांऐवजी सहा आठवडे चालवावं लागतं, किंवा खराब हाड काढावं लागतं. दुसरं, पायाचा रक्तपुरवठा. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी लागते का, डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी तपासणी, केली का? रक्तच पोहोचत नसेल तर जंतूंशी लढाई आतून कोण करणार, आणि औषध तरी जखमेपर्यंत जाणार कसं? रक्तपुरवठा पाहिल्याशिवाय कुणालाही जखम खोलवर खरवडू देऊ नकोस.

रक्तपुरवठा ठीक असेल तर खरं काम सुरू होतं ते ब्लेडनं. जखमेतला पिवळट थर, मेलेलं मांस आणि कडेचा जाड घट्टा सर्जन तासून काढतात. हेच ते काथ्यानं घासणं. आबांच्या पायाला संवेदना कमी असल्यामुळे त्यांना फारसं कळणारही नाही. एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर घरात पुन्हा वाद होईल: तासल्यावर जखम मोठी आणि जास्त लाल दिसेल, थोडं रक्त येईल. "डॉक्टरांनी वाढवून ठेवली" असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. ती जखम वाढलेली नसते, उघडी पडलेली असते. तासल्यानंतरचा पहिला दिवस मोलाचा, कारण उरलेले जंतू तेव्हा सुटे आणि दुबळे असतात आणि औषधी ड्रेसिंग त्यांच्यावर चालतं. दोन-तीन दिवसांत थर पुन्हा धरू लागतो. म्हणून एकदा तासून भागत नाही. सुरुवातीला बहुधा दर आठवड्याला जावं लागतं. त्या वेळी, जंतुसंसर्गाची लक्षणं असतील तरच, साफ केलेल्या तळातून मांसाचा बारीक तुकडा तपासणीला पाठवायला सांग. काडीच्या स्वॅबपेक्षा तो खूप खरं बोलतो. लक्षणं नसतील तर तपासणीही नको आणि गोळ्याही नकोत.

आता आबांचं "दुखत नाही". सूनबाई, मला या पत्रातली सगळ्यात भीतीची ओळ हीच वाटली. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवून दिलं की त्यांचं मांस आपोआप झडत नव्हतं. वेदना कळत नसल्यामुळे ते त्याच जखमेवर चालत राहायचे, म्हणून पाय जायचे. पायाला प्लास्टर घालून भार काढला की त्याच जखमा भरून यायच्या. मधुमेहात नसा बधिर झालेला पाय अगदी तसाच असतो. मेच्या उन्हात डांबरी रस्ता भाजत असताना आबा रामबागेतून खजराण्यापर्यंत चालले, आणि त्यांना काही कळलं नाही. अजूनही चवड्यावर प्रत्येक पावलागणिक नवं मांस चिरडतं, आणि चिरडलेलं मांस हे जंतूंचं आवडतं खाद्य. थर कितीही तासला तरी पायावरचा भार उतरला नाही तर जखम भरणार नाही. गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर किंवा पुढच्या भागावर भार न येणारा बूट, यांपैकी काय ते सर्जन ठरवतील. ते घरातही घालायचं, रात्री बाथरूमला जातानाही. "दोनच पावलं तर आहेत" असं दिवसातून वीस वेळा होतं.

घरच्या ड्रेसिंगचं सांगते, कारण ते तुझ्या हातात आहे आणि तू ते चांगलं करते आहेस. नखं कापलेली, अंगठी-बांगड्या वर सरकवलेल्या, साबणानं मनगटापर्यंत हात धुवायचे. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, सलाइननं भिजवून सोडायची. ओढलीस तर दाण्यांसारखं नवं मांस तिच्याबरोबर येतं. पट्टी टाकण्याआधी उजेडात बघ: लस किती, रंग कोणता, वास कसा. मग पुन्हा हात धुऊन, स्वच्छ हातमोजे घालून, सलाइन किंवा उकळून थंड केलेलं पाणी जरा जोरानं सोडून जखम धुवायची आणि गॉझनं मधून बाहेरच्या दिशेनं हलकेच, पण घाबरत घाबरत नव्हे, पुसायची. कडेची कातडी कोरडी करायची. बोटांच्या बेचक्याही. वरचं ड्रेसिंग सर्जन सांगतील तेच. जखम ओलसर राहायला हवी, चिखल व्हायला नको. काढलेली पट्टी कागदात गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात. मुलांना आबांजवळ बसू दे, ताट-पेला वेगळा करू नकोस. उघड्या जखमेला हात लागू नये आणि हात धुतलेले असावेत, एवढंच.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण तो नव्या पेशींनाही जाळतो. रोजच्या वापरातून काढून टाक. स्पिरिट आणि डेटॉलही जखमेत नकोत. गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणं तर मुळीच नको, बधिर पाय भाजतो आणि कळत नाही.

आत्याबाईंच्या हळदीचा मला राग नाही. हळदीतला पदार्थ प्रयोगशाळेत जंतूंवर काम करताना दिसतो, आणि खरचटल्यावर हळद लावूनच आपण सगळे मोठे झालो. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिचे कण खोल जखमेत अडकतात आणि तुपाचा लेप जंतूंना झाकून ठेवतो. शिवाय पिवळ्या रंगाखाली पू आहे की लस ते दिसत नाही. आत्याबाईंना म्हणावं, आबांच्या दुधात घाला. साखर न घालता.

साखरेवरून आठवलं: रक्तातली साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीए१सीची तपासणी करून घे. वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, हे ताटात वाढव. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती ते आधी डॉक्टरांना विचार. जखम भरेपर्यंत कडक उपास नकोत.

आणि कधी वाट पाहायची नाही, ते आबांच्या पलंगापाशी लिहून ठेव. जखमेच्या कडेपासून लाली २ सेंटिमीटरपेक्षा पुढे गेली, पाऊल गरम आणि टणक लागलं, पू आला, कातडी काळी पडली, न दुखणारा पाय अचानक दुखायला लागला, जांघेत गाठ आली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा हुडहुडी भरली, नाडी ९० च्या वर पळायला लागली, साखर कारणाशिवाय एकदम चढली, आबा बरळायला लागले: यातलं काहीही झालं तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तेव्हा जंतू पसरायला लागलेले असतात, आणि तेव्हाच ती मोठी इंजेक्शनं द्यायची असतात. त्या रात्री तुझ्या यजमानांचं म्हणणं बरोबर असेल.

जखम भरतेय की नाही हे रोज डोळ्यांनी कळत नाही. तुला एक सोपं साधन देते. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जखमेच्या अगदी वर, न टेकवता धर आणि मार्करनं कड काढून घे, खाली तारीख घाल. दर आठवड्याला त्याच वारी, बुधवार चालेल. चार आठवड्यांत ते क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर उपचारात काहीतरी चुकतंय असं धरून सर्जनला ते तुकडे दाखव आणि "आता काय बदलायचं?" असं सरळ विचार.

आबांना माझा नमस्कार सांग. त्यांचा नवस फिटला आहे, नातू घरात खेळतो आहे. पुढच्या बुधवारी दर्शनाला जायचं असेल तर गाडीनं दारापर्यंत आणि आत चाकाच्या खुर्चीवर जाऊ देत, बूट पायातच असू दे. देवळात कुणी हटकलं तर पट्टी दाखवायची. आणि चार आठवड्यांनी प्लास्टिकवरच्या त्या रेषा कागदावर उतरवून मला पाठव. मी वाट बघते.

– तुझी डॉक्टर काकू